छप्पर गळते, पण पाणी शिरते कोठून? : ज्येष्ठांच्या घरासाठी शोधाची एक सोपी रीत

पाऊस स्थिरावला की दवाखान्यात येणाऱ्या वयोवृद्ध रुग्णांच्या तक्रारींचे स्वरूप बदलते. उन्हाळ्यात आटोक्यात असलेला दमा डोके वर काढतो, रात्रीचा खोकला थांबत नाही, कोणी पहाटे न्हाणीकडे जाताना घसरून मनगट मोडून घेते. अशा रुग्णांना औषधे लिहून देताना मी एक प्रश्न आवर्जून विचारतो : "आपली खाट ज्या खोलीत आहे, तिचे छप्पर गळते का?" पुष्कळदा उत्तर होकारार्थी येते आणि त्यापाठोपाठचे वाक्यही ठरलेले असते : "दरवर्षी डांबर लावतो डॉक्टर, पण गळायचे ते गळतेच."

डांबर बहुधा थेंब जेथे पडतो त्याच्या बरोबर वर लावले जाते. पाणी मात्र आत शिरलेले असते दुसरीकडेच. खर्च होतो, ओल तशीच राहते आणि तिचा त्रास घरातील ज्या व्यक्ती दिवसाचे वीस तास त्याच खोलीत असतात, त्या म्हाताऱ्या माणसांना सर्वांत जास्त भोगावा लागतो. म्हणून या लेखात उपायांपेक्षा निदानावर भर दिला आहे. पाणी कोठून शिरते हे कळेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नये, एवढेच मुख्य सांगणे आहे.

धाड हे विदर्भ आणि मराठवाडा यांच्या सीमेवरचे, बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या मार्गावरचे गाव. येथे एकाच गल्लीत जुनी धाब्याची घरे, पत्र्याची घरे आणि स्लॅबची घरे शेजारी शेजारी नांदतात. प्रत्येकाची गळण्याची तऱ्हा निराळी असली, तरी शोधाची रीत एकच आहे. आणि ती वैद्यकातील रीतीहून फारशी वेगळी नाही. आधी हकिगत ऐकायची, मग पाहायचे, मग ठोकून बघायचे आणि शेवटी गरज असेल तरच चाचणी करायची.

ओलीचा देहाशी संबंध

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना खोकला, घरघर, दम्याचे झटके आणि श्वसनमार्गाचे संसर्ग अधिक प्रमाणात होतात, हा त्यांतील मुख्य निष्कर्ष. भिजलेली गादी, लाकूड, कापड किंवा पुठ्ठा २४ ते ४८ तासांत कोरडा झाला नाही, तर त्यावर बुरशी धरू लागते. ज्यांना आधीपासून दमा किंवा धूम्रपानामुळे अथवा चुलीच्या धुरामुळे जडलेला जुनाट श्वासविकार आहे, त्यांनी अशा खोलीत झोपणे म्हणजे औषधाला एका हाताने घेऊन दुसऱ्या हाताने परतवणे होय.

दुसरा धोका घसरण्याचा. उतारवयात मंद प्रकाशात दिसणे कमी होते, रात्री लघवीसाठी उठावे लागते, रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे एकदम उठल्यावर चक्कर येते. अशा वेळी फरशीवरचे वाटीभर पाणीही पुरे होते. खुब्याचे हाड मोडले की माणूस अंथरुणाला खिळतो. त्यामागून न्यूमोनिया, पाठीला जखमा आणि खचलेले मन ही साखळी सुरू होते. गळतीखाली ठेवलेली बादलीसुद्धा अंधारात अडखळण्याचे कारण ठरते. ती ठेवावीच लागली तर चालण्याच्या वाटेपासून दूर ठेवा, तळाशी फडके घाला म्हणजे शिंतोडे उडणार नाहीत, आणि खोलीत रात्रभर लहान दिवा चालू असू द्या.

तिसरा धोका विजेचा. त्याविषयी पुढे सांगतो.

थेंब पडतो तेथे दोष असतोच असे नाही

पाणी उताराची आणि कमी अडथळ्याची वाट धरते. पत्र्याच्या घरात वरच्या खिळ्याच्या भोकातून शिरलेले पाणी पत्र्याच्या खालच्या अंगाने घरंगळत येते, लोखंडी अँगलला भेटते, त्याच्या कडेने आणखी काही फूट सरकते आणि मग खाली पडते. स्लॅबच्या घरात गच्चीच्या कोब्याखाली साचलेले पाणी आडवे पसरते आणि बाहेर पडण्यासाठी सर्वांत कच्ची जागा शोधते. ती जागा पुष्कळदा पंख्याचा हूक किंवा स्लॅबमध्ये टाकलेला वायरिंगचा पाइप असते. म्हणूनच अनेक घरांत पंख्याच्या मुळाशीच पाणी ठिपकते आणि लोक पंख्याच्या वरचीच गच्ची फोडतात.

ज्या डोंगररांगेच्या आसऱ्याला आपला हा परिसर आहे, त्याच रांगेतील अजिंठ्याच्या लेण्यांतही पावसाचे पाणी वरच्या कातळातील भेगांमधून वाट काढीत आत झिरपते. तेथील भित्तिचित्रे जतन करणाऱ्यांपुढे हा जुनाच प्रश्न आहे. अखंड कातळातून जे पाणी वाट काढते, त्याला चार इंचांच्या स्लॅबमधून वाट काढायला कितीसा वेळ लागणार!

पाण्याचे प्रमाणही ध्यानात घ्या. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १ लिटर पाणी पडले. दहा फूट बाय दहा फूट खोलीचे छत सुमारे ९.३ चौरस मीटर भरते. एखाद्या रात्री ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर एवढ्याशा छतावर सुमारे ४६५ लिटर, म्हणजे मोठे दोन ड्रम भरून उरेल एवढे पाणी उतरते. त्याला बाहेर जायला मोकळी वाट नसेल, तर ते घरात येणारच.

हकिगत : आजी-आजोबांची वही

गळतीचा सर्वांत भरवशाचा साक्षीदार म्हणजे घरातील वृद्ध व्यक्ती. ती घरी असते, रात्री जागी असते, पहिला थेंब तिलाच ऐकू येतो. म्हणून माझी विनंती अशी की, एक वही आणि पेन्सिल उशाशी ठेवा. पाऊस केव्हा सुरू झाला, थेंब केव्हा पडू लागला, पाऊस थांबल्यावर थेंब किती वेळ चालू राहिला आणि वारा कोणत्या बाजूचा होता, एवढ्या चार गोष्टी लिहा. तीन-चार पावसांच्या नोंदी झाल्या की निम्मे निदान आपोआप होते.

पाऊस सुरू होताच काही मिनिटांत गळू लागते आणि पाऊस थांबला की लगेच थांबते, तेव्हा वाट सरळ व उघडी असते. पत्र्याचे भोक, सैल स्क्रू, फुटलेले कौल अशी कारणे तेथे शोधावीत.

पाऊस थांबल्यावर कित्येक तासांनी ठिपकू लागते आणि उघडीप पडली तरी दिवस-दोन दिवस चालू राहते, तेव्हा गच्चीवर पाणी साचून ते कोब्यात मुरलेले असते.

एरवी कितीही पाऊस झाला तरी गळत नाही, पण वाऱ्याचा सपकारा आला की भिंत ओली होते, तेव्हा दोष छतात नसून कठड्यात, भिंतीच्या भेगेत, खिडकीच्या छज्जात किंवा पत्र्यांच्या जोडात असतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर वारा बहुधा पश्चिम व नैर्ऋत्य दिशेने येतो. ओल त्या बाजूच्या भिंतीला असेल तर हा संशय बळावतो.

पाऊस नसतानाही ओल कायम राहते, तेव्हा पावसाला दोष देऊ नये. गच्चीवरची टाकी, भिंतीतील नळाची पाइपलाइन, वरच्या मजल्याची न्हाणी किंवा उन्हाळ्यात कूलरचे सांडणारे पाणी यांकडे पाहावे. टाकीची परीक्षा सोपी आहे. रात्री सर्व नळ आणि टाकीत येणारे पाणी बंद करून पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी पातळी उतरलेली दिसली तर कोठेतरी गळती आहे.

आणि थंडीच्या दिवसांत पहाटे पत्र्याखाली थेंब लोंबताना दिसले, तर ती गळती नव्हेच. रात्री पत्रा गार पडतो आणि खोलीतील श्वासाची व स्वयंपाकाची वाफ त्यावर धरते. त्यावर डांबर नव्हे, तर हवा खेळती ठेवणे हाच उपाय.

खोलीतून करावयाची पाहणी

ही पाहणी जमिनीवर उभे राहून करता येते. छतावरच्या डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ काढा आणि तारीख घाला. हात पोचत नसेल तर घरातील तरुणाकडून हे करवून घ्या किंवा मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवा. पुढच्या पावसानंतर डाग रेघेबाहेर गेला की गळती चालू आहे. आतच राहिला तर तो जुना व्रण आहे. जुन्या व्रणावर खर्च करण्याचे कारण नाही.

डागाचा रंगही बोलतो. पांढरी भुकटी, म्हणजेच लोणा, हे पाणी सिमेंट किंवा विटांतील क्षार घेऊन बाहेर येत असल्याचे लक्षण. तांबूस-तपकिरी ओघळ म्हणजे आतील सळईला गंज चढत आहे. गंजलेले लोखंड मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापते, त्यामुळे सिमेंट आतून फुगते आणि त्याची ढलपी सुटते. काळे-हिरवे ठिपके म्हणजे बुरशी.

भिंतीची ओल बाहेरून येते की खोलीतील दमटपणामुळे धरते, हे कळत नसेल तर फूटभर प्लॅस्टिकचा कागद घ्या. भिंत पुसून कोरडी करा आणि कागदाच्या चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. दोन दिवसांनी पाहा. कागदाच्या आपल्याकडील बाजूला ओल असेल तर ती खोलीच्या हवेतली. भिंतीकडील बाजूला असेल तर पाणी भिंतीतून येत आहे.

ठोकून पाहण्याचे तंत्र आम्हा डॉक्टरांना रोजचेच. छातीवर बोटाने ठोकून आतील पाण्याचा अंदाज घेण्याची पद्धत लिओपोल्ड औएनब्रुगर या ऑस्ट्रियन वैद्याने १७६१ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. त्याचे वडील खाणावळ चालवीत आणि दारूची पिंपे ठोकून ती किती भरली आहेत ते ओळखीत. त्यावरून मुलाला ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. छताचा गिलावाही लांब काठीने हलकेच ठोकता येतो. टणक आवाज आला तर तो घट्ट आहे. पोकळ, भद्द आवाज आला तर तो सुटला आहे. ठोकताना त्याच्या बरोबर खाली उभे राहू नका आणि पोकळ जागेखालची खाट त्याच दिवशी हलवा.

शेवटी डागाचे अंतर दोन लगतच्या भिंतींपासून मोजून वहीत लिहा. याच मापाने वर डागाची नेमकी जागा सापडते. मोजताना भिंतींची जाडी मिळवण्यास विसरू नका. ती जागा सापडली की तेथून उताराच्या वरच्या दिशेने शोध सुरू करायचा.

वर कोणी जायचे आणि काय पाहायचे

साठीच्या पुढील कोणीही शिडीवर किंवा पत्र्यावर चढू नये, हे मी डॉक्टर या नात्याने निक्षून सांगतो. जगभरात पडून मृत्यू पावणाऱ्यांत साठीच्या पुढील माणसेच सर्वाधिक असतात. "आयुष्यभर मीच चढलो" हा अभिमान समजण्यासारखा आहे. पण तोल, नजर आणि हाडे आता पूर्वीची नाहीत. वर मुलाने, नातवाने किंवा मिस्तरीने जावे. आजोबांनी खाली वही घेऊन बसावे. तरुणांनीही ओल्या पत्र्यावर चढू नये आणि पत्र्यावर पाय देताना खाली अँगल असेल तेथे फळी टाकूनच द्यावा.

*स्लॅबची गच्ची.* सर्वप्रथम पाणी जाण्याचे तोंड पाहा. पालापाचोळा, पिसे, मुलांचा चेंडू यांनी ते बुजलेले असेल, तर सारा आजार तेवढाच असू शकतो. मग उतार पाहा. शंभर फुटांना निदान एक फूट, म्हणजे दहा फुटांमागे सुमारे सव्वा इंच उतार हवा. पाऊस थांबल्यावर तासाभराने कोठे डबके राहते त्याभोवती खडूने रेघ काढा. कठडा आणि गच्ची यांच्या सांध्यात भेग आहे का ते पाहा. बहुतेक गच्च्या मध्ये नव्हे, तर या कडेला गळतात. टाकीचे ओटे, पाइप बाहेर येण्याच्या जागा, नंतर उभारलेल्या खांबांच्या सळया हे पुढचे संशयित. कठड्यात पिंपळाचे किंवा वडाचे रोप उगवले असेल तर नुसता शेंडा मोडून भागत नाही. मूळ भिंतीत वाढत राहते. डबके आठवडाभर टिकले तर त्यात डेंग्यूचा डासही तयार होतो, हे वेगळे सांगायला नको.

*पत्र्याचे छप्पर.* दुपारच्या कडक उन्हात खोलीची दारे-खिडक्या लावून अंधार करा आणि वर पाहा. जेथे उजेडाचा टिपका दिसेल तेथे भोक आहे. मग वर जाऊन स्क्रूखालचे रबरी वायसर पाहावेत. उन्हाने ते कडक होऊन तडकतात. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर असावा, खोलगट भागात नसावा, कारण पाणी खोलगट भागातूनच वाहते. दोन पत्र्यांचा एकमेकांवर चढलेला भाग अपुरा असेल तर वाऱ्याच्या पावसात पाणी उलटे आत शिरते. माकडांच्या उड्यांनी सरकलेला पत्राही तपासावा.

सिमेंटचे जुने पत्रे असतील तर अधिक सावधपण हवे. त्यांतील पुष्कळ पत्र्यांत अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. असा पत्रा करवतीने कापणे, घासणे, त्याला ड्रिलने भोक पाडणे यांतून उडणारी धूळ फुप्फुसांत जाऊन वर्षानुवर्षांनी गंभीर आजार, प्रसंगी कर्करोगही निर्माण करू शकते. तो पत्रा पाण्याने ओला ठेवूनच हाताळावा आणि फुटला असेल तर अखंड काढून बदलावा.

*धाब्याचे घर.* लाकडी सरे, त्यांवर किलचण, पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर अशी ही रचना उन्हाळ्यात फार सुखद असते. येथे गळतीची कारणे म्हणजे उंदरांची व घुशींची बिळे, उगवलेल्या गवताची मुळे, बुजलेली पन्हळ आणि उन्हाने पडलेल्या भेगा. यावर दरवर्षी नवी माती टाकण्याची रीत आहे. पण जुना थर न खरवडता नवा चढवीत गेल्यास छताचे ओझे वाढत जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगावली. त्यांतील पुष्कळ जण दगडमातीच्या भिंतींवरील जाड मातीच्या छतांखाली झोपेतच गाडले गेले. आपल्याकडे भूकंप झाला नाही तरी सततच्या पावसाने भिजलेली माती जड होते आणि भिंतीत शिरलेले लाकडाचे टोक आतून कुजलेले असते. म्हणून धाब्याच्या घरात सऱ्यांची टोके तपासणे हे भोक शोधण्याहून महत्त्वाचे. लाकडात खिळा सहज रुतला किंवा वाळवीची माती दिसली, तर जाणत्या सुताराला त्वरित बोलवा.

पाण्याची चाचणी

एवढे करूनही मूळ सापडले नाही, तर पाऊस नसलेल्या दिवसांत चाचणी करावी. नियम एकच : खालून वर, आणि एका वेळी एकच जागा. एकदम सगळीकडे पाणी सोडले तर ते कोठून शिरले हे कळत नाही.

गच्चीवर चिखलाचे लहान बांध घालून शेतातल्यासारखे वाफे पाडा. सर्वांत सखल वाफ्यात इंचभर पाणी भरा, चोवीस तास थांबा, खाली लक्ष ठेवा. ओल आली नाही तर पाणी काढून वरच्या वाफ्याकडे जा. इंचभर पाण्याचे ओझे चौरस मीटरला सुमारे २५ किलो होते. म्हणून सळया उघड्या पडलेल्या जुन्या स्लॅबवर ही चाचणी करू नये, आणि धाब्यावर तर कधीच नाही. पत्र्यावर वळचणीकडून सुरुवात करून रबरी नळीने एकेका जोडावर दहा-पंधरा मिनिटे पाणी सोडावे. वरच्याने जागा सांगावी, खाली बसलेल्याने थेंब पाहावा आणि लिहावा.

येथे वाट पाहू नका

पंखा, ट्यूबलाइट किंवा बोर्डाजवळून पाणी ठिपकत असेल, तर कोरड्या हातांनी, कोरड्या जागेवर चपला घालून उभे राहून मेन स्विच बंद करा. बोर्डच ओला असेल तर त्याला हात न लावता वायरमनला बोलवा. घरात ३० मिलिअँपिअरला तुटणारे आरसीसीबी बसवून घेणे हा मोठा आधार आहे.

छत मध्येच खाली झुकलेले दिसले, लाकूड कडकडले, मातीच्या भिंतीला फुगवटा आला, दार अचानक चौकटीत अडकू लागले, तर रात्र असली तरी त्या खोलीतून बाहेर पडा. अंथरुणावरील रुग्णाला प्रथम हलवा. शेजाऱ्याला उठवण्यात संकोच कसला?

भिंतीवरची बुरशी काढताना दम्याच्या रुग्णाला दुसऱ्या खोलीत बसवा. ती कोरडी झाडू नका; मास्क लावून साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा. ब्लीचिंग आणि संडास साफ करण्याचे अॅसिड कधीही एकत्र करू नका; त्यातून विषारी वायू निघतो.

मग दुरुस्ती

मूळ सापडले की खर्च पुष्कळदा अपेक्षेपेक्षा कमी निघतो. कोठे चार वायसर बदलावे लागतात, कोठे कठड्याच्या सांध्याला वाटा मारून घ्यावा लागतो, कोठे नुसते पन्हळीचे तोंड मोकळे करावे लागते. मिस्तरीला बोलावताना वही त्याच्या हाती द्या. "सगळी गच्चीच करावी लागेल" हे ऐकण्याची वेळ कदाचित येणार नाही. वरचे काम झाल्यावर एक-दोन पाऊस जाऊ द्या, पेन्सिलीची रेघ पाहा, छत पूर्ण वाळू द्या आणि त्यानंतरच आतून रंग लावा. ओल आत असताना लावलेला रंग म्हणजे तापाचे कारण न शोधता दिलेली तापाची गोळी. चार दिवस बरे वाटते, मग पोपडे येतात.

मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते. त्याआधी, एप्रिल-मे महिन्यांत एकदा आणि पहिल्या दोन पावसांनंतर पुन्हा एकदा अशी पाहणी दरवर्षी करावी. तोपर्यंत, वाचकहो, आज एवढेच करा : घरातील वृद्ध व्यक्तीची खाट ओलीच्या भिंतीपासून हातभर दूर आणि कोरड्या छताखाली आहे ना, हे पाहा. नसेल तर ती आजच सरकवा आणि उशाशी वही ठेवा.